दोन सलीम

'सरफरोश' 30 एप्रिल 1999 रोजी आला. पुढच्याच महिन्यात कारगिलची लढाई सुरू झाली, त्यामुळे त्या उन्हाळ्यात तो नुसता चित्रपट राहिला नव्हता. आम्ही चौघे मोहोळच्या स्टँडवरून एस.टी. धरून सोलापूरला तो पाहायला गेलो. चौघांत एक तांबोळी, एक मुलाणी, एक बागवान आणि एक शेख. त्या चित्रपटात इन्स्पेक्टर सलीम नावाचा पोलीस आहे. मुकेश ऋषी यांनी ती भूमिका केली आहे. एक गुन्हेगार त्याच्या हातून निसटतो. वरिष्ठांच्या मनात सलीमच्या नावामुळे किंतु येतो, त्याला तपासातून बाजूला काढले जाते. तो दुखावतो. पण पुढे आपल्याच खबऱ्यांकडून माहिती काढून आणतो आणि तपासाची गाडी पुढे सरकते. तो परत आला तेव्हा थिएटरात टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात टाळ्या आम्ही चौघांनी वाजवल्या.

परतीच्या गाडीत मात्र आमच्यापैकी कुणी फारसे बोलले नाही. मोहोळ येईपर्यंत जे मनात घोळत होते ते त्या वेळी नीट मांडता आले नाही. आज मांडता येते. सलीमचा अपमान झाला तेव्हा थिएटर शांत होते. तो निर्दोष ठरला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. म्हणजे त्याची परीक्षा घेण्याचा अधिकार इतरांना आहे, हे आम्ही टाळ्या वाजवतानाच कबूल केले होते. तो उत्तीर्ण झाला याचा आम्हाला आनंद झाला होता, आणि तो आनंद खरा होता. अडचण नेमकी तिथेच आहे.

साहित्य, वर्तमानपत्रे आणि चित्रपट मिळून राष्ट्रीय अस्मिता घडवतात, असे परिसंवादांत नेहमी सांगितले जाते. ते खरेच आहे. पण ती अस्मिता मुसलमानाच्या वाट्याला कशी येते, याची तपासणी आपल्याकडे एका अंगानेच झाली. पडद्यावरचा आणि पुस्तकातला खलनायक मुसलमान आपण पुष्कळ मोजला. पडद्यावरचा 'चांगला मुसलमान' मात्र आपण तपासलाच नाही. तो आपल्या बाजूचा वाटला म्हणून सोडून दिला. 'चक दे! इंडिया' (2007) मधला कबीर खान हा इन्स्पेक्टर सलीमचाच थोरला भाऊ. पाकिस्तानविरुद्ध पेनल्टी स्ट्रोक चुकतो म्हणून तो गद्दार ठरतो, घर सोडतो, आणि मुलींचा हॉकी संघ जगात जिंकवून आणतो तेव्हाच त्याला परत घर मिळते. गंमत अशी की, या कथेला ज्या प्रसंगाचा संदर्भ दिला जातो, तो 1982 च्या दिल्ली एशियाडमधला पाकिस्तानविरुद्धचा 1-7 असा पराभव. त्या वेळी संशयाची झळ सोसणारे गोलरक्षक मीर रंजन नेगी हिंदू आहेत. चित्रपटाने त्यांना मुसलमान केले. हेतू चांगला होता हे आम्हाला मान्य आहे. पण निष्ठा सिद्ध करण्याची गोष्ट सांगायची म्हटली की नायक मुसलमान असला म्हणजे प्रेक्षकाला काही समजावून सांगावे लागत नाही, हेही त्यातून कळतेच.

त्याच्या आधीचा मुसलमान तर आमच्या ओळखीचाच नव्हता. 'चौदहवीं का चाँद' (1960), 'मेरे महबूब' (1963), 'पाकीज़ा' (1972) या चित्रपटांनी देशाला जो मुसलमान दाखवला तो शेरवानी घालतो, पान खातो, झुकून आदाब करतो आणि शेर ऐकवतो. आमच्याकडे शेरवानी निकाहाच्या दिवशी अंगावर चढते, तीही बहुधा भाड्याची. आमची भाषा लखनौची उर्दू नाही. घरात आम्ही दखनी बोलतो. 'नक्को' म्हणतो, आणि ठासून सांगायचे असले की शब्दाला मराठीतला 'च' लावतो. बाहेर पडलो की मराठी. ही दखनी हिंदी पडद्यावर आली ती बहुतेक हसवायला. 'गुमनाम' (1965) मध्ये मेहमूद यांनी तिचा विनोद केला आणि देश खदखदून हसला. आम्हीही हसलो. आमच्या आजीची बोली पडद्यावर फक्त बटलरच्या तोंडी येते, हे तेव्हा ध्यानात आले नव्हते.

मराठीकडून काय मिळाले? चौथीच्या इतिहासातला अफजलखानाचा धडा. तो शिकवताना वर्गातली सगळी पोरे मान वळवून एकाच पोराकडे पाहतात, हा अनुभव या अंकाच्या बहुतेक वाचकांच्या गाठीशी असेल. मास्तर वाईट नव्हते. धडाही पूर्ण खोटा नव्हता. पण त्याच प्रसंगात खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता आणि महाराजांच्या सोबत सिद्दी इब्राहिम होता, हे आम्हाला फार नंतर, गोविंद पानसरे यांचे 'शिवाजी कोण होता?' (1988) हाती आले तेव्हा समजले. ते पुस्तक वाचून छाती फुगली. मग आम्ही यादी पाठ केली. सिद्दी हिलाल, काझी हैदर, दर्यासारंग दौलतखान. वादात कुणी काही बोलले की यादी बाहेर काढायची.

इथे आम्हाला आमच्याच पानांबद्दल बोलायला हवे. मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले संमेलन 1990 साली सोलापुरात भरले. फकरुद्दीन बेन्नूर सरांसारखी माणसे त्यामागे होती. मराठी मुसलमानाचे अनुभवविश्व मराठीत यावे, तो बाहेरून आलेला नसून इथल्याच मातीतला, इथल्याच जातिव्यवस्थेत भरडलेला बहुजन आहे हे मांडले जावे, ही त्यामागची भूमिका होती. त्यानंतर डिसेंबर 1992 आला, मुंबईच्या दंगली आल्या आणि आमच्या लेखणीचा सूर बदलला. ते स्वाभाविक होते. पण तेव्हापासून आमच्या विशेषांकांत येणारा प्रत्येक तिसरा लेख याद्यांचा असतो आणि प्रत्येक दुसऱ्या कवितेत पुरावा, वतन किंवा कबर येते. आम्ही स्वतः अशा कविता लिहिल्या आहेत. एका संमेलनात एका ज्येष्ठाने आमची कविता ऐकून विचारले होते, "अहो, हे तुम्ही लिहिताय कुणासाठी? आम्हाला तर हे सगळं ठाऊक आहे." तेव्हा राग आला होता.

वडवाळचे उदाहरण घ्या. ते आमच्याच मोहोळ तालुक्यातले गाव. मोहोळ आणि वडवाळ ही नागेश संप्रदायाची ठाणी. या संप्रदायातल्या मराठी कवींत आलमखान हे नाव येते. रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' या पुस्तकातून अशा कवींची परंपरा मराठी वाचकांपुढे ठेवली आणि त्या उपकारातून आपण मुक्त होऊ शकत नाही. पण आपण आलमखानाचे काय केले? त्याची रचना वाचली का? तिच्यातली भाषा, तिच्यातला गुरुविचार यांवर मोहोळ तालुक्यातल्या किती मुसलमान लेखकांनी चार पाने लिहिली? आम्हीही लिहिली नाहीत. आपण त्याचे नाव फक्त यादीत चढवले. ज्याने कधी कुणाला दाखला दिला नसेल, त्यालाच आपण दाखला करून टाकले.

कुर्बान हुसेन यांच्या बाबतीतही हेच. 1930 च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. सोलापुरात ही चार नावे एका दमात घेतली जातात. 'चार हुतात्मे' हा तिथे एकच शब्द आहे म्हणा ना. कुर्बान हुसेन 'गझनफर' हे पत्र चालवायचे, गिरणी कामगारांत त्यांचा वावर होता. या चौघांतून एकाला उचलून वेगळे काढायचे काम जमातवाद्यांनी केले असते तर समजण्यासारखे होते. ते आपले वक्ते करतात. 'आमचा कुर्बान' म्हणत त्यांना बाकी तिघांपासून तोडतात आणि टाळ्या घेतात.

वर्तमानपत्रांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वांना माहीत आहे. 8 सप्टेंबर 2006 ला मालेगावात कब्रस्तानाजवळ स्फोट झाले, मुसलमानच मेले आणि मुसलमान तरुणांनाच अटक झाली. अटकेचा मथळा किती मोठा होता हे आम्हाला आठवते. 25 एप्रिल 2016 रोजी विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. ती बातमी आमच्या हातातल्या पेपरात आम्हाला शोधावी लागली.

आणि त्याच आठवड्यात, 29 एप्रिल 2016 ला 'सैराट' आला.

नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट आमच्याच जिल्ह्यातला, करमाळ्याकडचा. त्यावर जातीच्या अंगाने भरपूर लिहिले गेले आणि ते योग्यच होते. आम्हाला बोलायचे आहे ते परश्याच्या मित्राबद्दल. त्याचे नाव सलीम शेख. पण चित्रपटात त्याला सलीम कोण म्हणते? तो सल्या. अरबाज शेख या पोराने ते काम केले. सल्या परश्याबरोबर हिंडतो, त्याच्या प्रेमाच्या भानगडीत निरोप्या होतो, त्याच्यासाठी मार खातो. करमाळ्याची मराठी बोलतो आणि ती ऐकताना आम्हाला आमचीच गल्ली ऐकू येते. अख्ख्या चित्रपटात सल्या मुसलमान आहे म्हणून त्याच्याकडून काहीही सिद्ध करून घेतले जात नाही. तो देशासाठी मरत नाही, मंदिर वाचवत नाही, ईदच्या शिरखुर्म्याचे निमंत्रण देऊन ऐक्याचा संदेशही देत नाही. तो मित्र आहे, बस्स. त्याचा धर्म लपवलेला नाही आणि मिरवलेलाही नाही. नाव उच्चारले की धर्म कळतो, गोष्ट पुढे जाते. गावात हे असेच असते. मुलाण्याशिवाय जत्रेतले बकरे कापले जात नाही, पण म्हणून कुणी मुलाण्यावर निबंध लिहीत नाही.

'सैराट' पाहताना आम्ही एकदाही सल्यासाठी टाळ्या वाजवल्या नाहीत. घरी आल्यावर हे लक्षात आले आणि 1999 ची एस.टी. आठवली.

सल्या पुरेसा आहे असे आम्ही म्हणत नाही. उत्तरार्धात चित्रपट हैदराबादला जातो आणि सल्या मागे राहतो. तो घरात आईशी दखनीत बोलत असणार, त्याच्या बहिणीच्या लग्नाची काळजी असणार. यातले काही त्या चित्रपटाचे काम नव्हते. पण पुढची गोष्ट पाहा. 2018 च्या जुलैत 'सैराट'चा हिंदी अवतार 'धडक' आला. गोष्ट उदयपूरला गेली, जातीची धार बोथट झाली, यावर टीका झाली. नायकाचे दोन मित्र तिथेही आहेत. त्यांची नावे गोकुळ आणि पुरुषोत्तम. सलीम गळला. कुणी कट केला असेल असे आम्हाला वाटत नाही. बहुधा कुणाच्या मनातही आले नसेल. सोलापूर जिल्ह्यातल्या गोष्टीत एक सलीम सहज असतो. तीच गोष्ट देशभरासाठी सांगायची ठरली की त्याच्यासाठी कारण लागते. तो इन्स्पेक्टर असता, हुतात्मा किंवा अतिरेकी असता, तर राहिला असता. नुसता मित्र म्हणून त्याला जागा सापडली नाही. राष्ट्रीय अस्मिता कशी घडते याचा अभ्यास करणाऱ्यांनी घोषणा नंतर तपासाव्यात, आधी हे दोन मित्र पाहावेत.

ही अस्मिता घडवण्यात मुसलमानांचा हात नव्हता असे मात्र नाही. आमचे शेजारी, बार्शीचे अमर शेख, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफावर थाप मारून उभे राहिले तेव्हा आपण मराठी आहोत हे ते कुणाला पटवून देत नव्हते. मराठी माणूस म्हणजे काय, हे ते लोकांना सांगत होते. पंढरपुरात जन्मलेले जब्बार पटेल यांनी 'सिंहासन' (1979) केला. महाराष्ट्राच्या सत्ताकारणाची आजची आपली कल्पना बरीचशी त्या चित्रपटाने घडवली. आणि 1988 ते 1990 या काळात रविवारी सकाळी ज्या 'महाभारता'पुढे सारा देश बसला, मोहोळातही ज्याच्या घरी टी.व्ही. त्याच्या ओसरीवर चपलांचा ढीग पडायचा, त्याचे संवाद लिहिले गाझीपूरकडच्या राही मासूम रझा यांनी. 'आधा गाँव' ही कादंबरी त्यांचीच. गंगौली या आपल्या गावातले मुसलमान त्यांनी शिव्याशापांसकट, भांडणांसकट लिहिले. गाव आपले आहे हे ज्याला मनोमन ठाऊक असते, तोच गावाची अशी बदनामी करू शकतो.

मराठीत हे धाडस कुणी केले? हमीद दलवाई यांच्या चळवळीबद्दल आमचे मतभेद जुने आहेत आणि ते या लेखाने मिटणार नाहीत. पण 'इंधन' (1965) ही कादंबरी त्या भांडणात आपण न वाचताच बाजूला ठेवली, हा आपला करंटेपणा आहे. त्यातले कोकणातले मुसलमान हावरे आहेत, प्रेमळ आहेत, भित्रे आहेत, आणि निवेदकही धुतल्या तांदळासारखा नाही. मलिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (1984) हेही असेच, कसलाही दाखला हातात न धरलेले पुस्तक. ही दोन्ही पुस्तके आपल्या याद्यांत अवघडून बसतात, कारण ती आपली बाजू मांडत नाहीत.

1 मार्च 2003 ला विश्वचषकात भारताने पाकिस्तानला हरवले. आमच्या गल्लीत पहिला फटाका आमच्याच पोरांनी लावला. ती खूश होतीच. सचिनच्या 98 धावांवर कोण खूश नव्हते? पण फटाके आधल्या दिवशीच आणून ठेवले होते आणि ते कुठे लावायचे हेही ठरले होते, चौकाच्या तोंडाशी, सगळ्यांना दिसेल असे. त्यातल्या एका पोराला क्रिकेटची अजिबात आवड नव्हती. काडी त्यानेच लावली. त्या पोराची गोष्ट अजून आमच्यापैकी कुणी लिहिलेली नाही. पुढच्या अंकासाठी कविता पाठवणाऱ्या तरुण मित्रांना आम्ही तीच मागतो आहोत.