प्रेम म्हणजे औषध नव्हे

प्रेमकथा म्हटली की आपल्यापैकी बरेच जण पुस्तक न उघडताच नाक मुरडतात. विमानतळावर घ्यावे आणि उतरताना सीटवर विसरावे, एवढीच त्याची किंमत. हेलन होआंग यांची २०२१ साली आलेली ‘द हार्ट प्रिन्सिपल’ ही इंग्रजी कादंबरी मी त्याच हिशेबाने उचलली. ती मात्र विसरता आली नाही.

नायिका ॲना ही सॅन फ्रान्सिस्कोमधली, चिनी कुटुंबातली व्हायोलिनवादक. तिच्या वादनाची एक चित्रफीत जगभर गाजते आणि तेव्हापासून तिला एकही रचना शेवटपर्यंत वाजवता येत नाही. जरा चुकले, की पुन्हा पहिल्यापासून. तुला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असावी, असे थेरपिस्ट सांगते तेव्हा ॲनाला सुटल्यासारखे वाटते. जन्मभर इतरांकडे पाहून हसण्याबोलण्याचा तो थकवा कशाचा होता, हे आता उमगते. थोरली बहीण मात्र ते साफ उडवून लावते. होआंग यांना स्वतःलाही हे निदान मोठेपणीच कळले; त्यामुळे या प्रसंगाला ऐकीव माहितीचा वास नाही.

नायक क्वान कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतून उठलेला, स्वतःच्या देहाविषयी साशंक. दोघांचे जुळत असतानाच ॲनाच्या वडिलांना पक्षाघात होतो आणि प्रेमकथा बाजूला पडते. इथे पुस्तकाचा तोल गेला, असे कोणी म्हणेल. मला वाटते, इथेच ते खरे झाले. घरात दुखणे आले की प्रेमाचे असेच होते.

वडिलांची रात्रंदिवस सेवा घरीच चालते. त्यांना हे सारे नको आहे, असे ॲनाला जाणवते, पण तसे बोलायची सोय नाही. ‘मी दमले’ म्हणायचीही नाही. आपण परदेशात राहणारे दूर असल्याची टोचणी बाळगतो; ॲना जवळ राहून मोडते. आपल्या घरांतही ‘कर्तव्य’ या शब्दापुढे किती जणी अशाच गप्प बसतात!

क्वान तिला बरे करत नाही. तो जवळ राहतो, वाट पाहतो. ती सावरते हळूहळू, आणि ‘नाही’ म्हणायला शिकल्यावर. प्रेम आधार देते, उपचार करत नाही, हे प्रेमकथेनेच सांगावे याचे मला अप्रूप वाटले.

उणीव एकच. कथा ॲना आणि क्वान यांच्याच तोंडून येते. घराचा भार वाहणाऱ्या थोरल्या बहिणीला स्वतःची बाजू मांडायला जागाच मिळत नाही. आपल्यातल्या थोरल्या भावंडांना ते नक्की खुपेल.

शृंगाराची वर्णने मोकळी आहेत, तेवढे सांगून ठेवते. पण कॉलेजातल्या लेकीच्या टेबलावर हे पुस्तक दिसले, तर रागावू नका. तिचे वाचून झाले की मागून घ्या.