बंद फाईल आणि दोन पुस्तके

गेल्या पंधरा-सोळा वर्षांत दोन पुस्तके आपल्या समाजात हातोहात फिरली. एक, महाराष्ट्र पोलीस दलातून महानिरीक्षक पदावर असताना स्वेच्छानिवृत्ती घेतलेले एस. एम. मुश्रीफ यांचे 'हू किल्ड करकरे?'. हे २००९ साली इंग्रजीत निघाले आणि पाठोपाठ उर्दू, हिंदी व मराठीतही आले. दुसरे, ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोट खटल्यातून निर्दोष सुटलेले शिक्षक अब्दुल वाहिद शेख यांचे 'बेगुनाह कैदी'. हे मूळ उर्दूतले. पहिले पुस्तक मी पिंप्राळ्यातल्या एका शेजाऱ्याकडून वाचायला आणले तेव्हा त्याचा पुठ्ठा सुटून आला होता, इतक्या हातांतून ते गेले होते. दुसरे आमच्या शिक्षकांच्या खोलीत एकाकडून दुसऱ्याकडे जात माझ्यापर्यंत आले.

दोन्ही पुस्तकांचा विषय वरवर पाहता दहशतवाद हा आहे. पण खोलात गेल्यावर लक्षात येते की दोघांच्याही मुळाशी एकच गोष्ट आहे : सरकारच्या गुप्तवार्ता यंत्रणेची बंद फाईल. तिच्यात काय आहे हे सांगितले जात नाही, म्हणून ही पुस्तके लिहिली गेली. या दोन पुस्तकांबद्दल आपल्याकडे चहाच्या टपरीपासून जलशापर्यंत पुष्कळ बोलले गेले. त्यांची चिकित्सा मात्र फारशी झाली नाही. 'आपले' पुस्तक आहे, त्याला नावे कशाला ठेवायची, अशी एक भिडेची भावना त्यामागे असावी. ही भीड बाजूला ठेवून प्रस्तुत लेखात थोडे स्पष्ट लिहिण्याचा विचार आहे.

आधी यंत्रणेविषयी. केंद्राच्या इंटेलिजन्स ब्युरोची स्थापना इंग्रजांनी डिसेंबर १८८७ मध्ये केली. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, देश स्वतंत्र झाला, राज्यघटना आली, पण या संस्थेचे अधिकार व मर्यादा ठरविणारा स्वतंत्र कायदा संसदेने केलेला नाही. इंग्लंडने आपल्या अंतर्गत गुप्तचर संस्थेसाठी १९८९ साली कायदा केला. अमेरिकेत १९७५ साली सिनेटच्या चर्च समितीने स्वतःच्याच गुप्तचर संस्थांचे गैरप्रकार उघड्यावर मांडले आणि त्यानंतर कायमची देखरेख समिती आली. आपल्याकडे २००५ साली माहितीचा अधिकार आला, तेव्हा कलम २४ अन्वये या संस्थांना त्यातून वगळण्यात आले. मात्र त्याच कलमात एक महत्त्वाचा अपवाद आहे : भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन यांच्या आरोपांसंबंधीची माहिती वगळलेली नाही. हा अपवाद आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता मुश्रीफ यांचे पुस्तक. लेखक स्वतः पोलीस अधिकारी होते. तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्याच्या तपासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यामुळे वाचक त्यांच्या शब्दाला वजन देतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यापूर्वी समुद्रमार्गे हल्ला होण्याचे इशारे मिळाले होते, ते योग्य ठिकाणी, योग्य वेळी का पोचले नाहीत, असा प्रश्न ते विचारतात. हा प्रश्न पूर्णपणे रास्त आहे. राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीनेही इशारे येत होते व त्यांची दखल घेण्याची व्यवस्था ढिली होती असेच म्हटले. पण त्या समितीच्या अहवालाचे काय झाले ते पाहा. २००९ च्या एप्रिलमध्ये अहवाल सरकारला मिळाला. जूनमध्ये विधिमंडळापुढे आला तो फक्त कार्यवाहीचा कागद. मूळ अहवाल सुरक्षेच्या कारणासाठी मागे ठेवला गेला आणि विरोधकांच्या गदारोळानंतर डिसेंबरात बाहेर आला. अहवाल बाहेर आल्यावर देशाच्या सुरक्षेला कोणता धक्का बसला, हे कोणी सांगितले नाही.

नेमक्या याच काळात, म्हणजे अहवाल कपाटात असताना, मुश्रीफ यांचे पुस्तक आले. त्याचे यश मला यात दिसते. सरकारने जी जागा रिकामी ठेवली तिथे ते जाऊन बसले. पण त्याची कमजोरीही इथेच आहे. प्रश्नापासून उत्तरापर्यंत लेखक ज्या वाटेने जातो ती वाट वर्तमानपत्रांतील कात्रणांची आहे. दोन बातम्यांत विसंगती दिसली की तो तिथे हेतू ठेवतो. अशा हेतूंची साखळी करत तो या निष्कर्षाला येतो की सीएसटी-कामा परिसरातील कारवाई ताज-ओबेरॉयच्या हल्ल्याहून वेगळी होती आणि करकरेंच्या मृत्यूमागे अन्य शक्ती होत्या.

हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर ज्या गाडीत मारले गेले त्याच गाडीत मागे जखमी अवस्थेत पडलेले हवालदार अरुण जाधव जिवंत राहिले. त्यांनी कोर्टात साक्ष दिली. कसाबची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये कायम केली. डोळ्यांनी पाहणाऱ्याची साक्ष आणि कात्रणांवरून काढलेला तर्क यांत निवड करायची तर मी साक्षीच्या बाजूला उभा राहीन. आमच्या वर्गात गणिताचे उत्तर लिहिले आणि रीत दाखवली नाही तर आम्ही पूर्ण गुण देत नाही. मुश्रीफ यांच्या पुस्तकात प्रश्नाचे गुण पूर्ण द्यावे लागतात, पण शेवटच्या उत्तराला रीत नाही. हे लिहिताना मला ठाऊक आहे की माझे अनेक मित्र नाराज होतील. करकरेंविषयी आपल्या मनात जी कृतज्ञता आहे, तिला या पुस्तकाने शब्द दिले, हे मी नाकारत नाही. पण कृतज्ञता हा पुरावा नव्हे.

वाहिद शेख यांचे पुस्तक अगदी वेगळ्या जातीचे आहे. लेखक मुंबईच्या शाळेत शिकवणारा. खटल्यात तेरा आरोपी होते. सप्टेंबर २०१५ मध्ये विशेष मोक्का न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, पाचांना फाशी व सातांना जन्मठेप दिली. एकटे वाहिद शेख सुटले, नऊ वर्षे तुरुंगात काढल्यावर. फाशी झालेल्या पाचांपैकी एक मूळचा आमच्या जळगावचा होता, म्हणून या खटल्याच्या बातम्या इथे आवाज खाली करून वाचल्या जात.

भाषेच्या दृष्टीने 'बेगुनाह कैदी' हे काही सुबक पुस्तक नाही. पुनरुक्ती आहे, तपशिलांची गर्दी आहे, काही ठिकाणी ते पुस्तक न राहता वकिलाचा अर्ज होते. अदबी उर्दूची सवय असणाऱ्याला ते कोरडे वाटेल. पण हा कोरडेपणा मला त्याचे बळ वाटतो. लेखक आपल्याला काय वाटले यापेक्षा आपल्याबरोबर काय झाले ते सांगतो. मोक्काच्या कलम १८ प्रमाणे अधीक्षक व त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा धरला जातो. साध्या कायद्यात असे होत नाही. म्हणजे सगळा खटला एका सहीवर येऊन थांबतो. ती सही मिळविण्यासाठी काय काय केले जाते आणि ती न देण्यासाठी माणसाला काय सोसावे लागते, हा या पुस्तकाचा गाभा आहे. लेखकाने सही केली नाही. या एका नकारावर सगळे पुस्तक उभे आहे. २०२२ साली 'हीमोलिंफ' हा हिंदी चित्रपट याच कहाणीवर निघाला, पण पुस्तकातला शिक्षकी नोंदवहीचा काटेकोरपणा मला अधिक जवळचा वाटतो.

काळाने या पुस्तकाची परीक्षा घेतली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतला एक तोपर्यंत तुरुंगातच वारला होता. कबुलीजबाबांतले मजकूर एकमेकांशी जुळणारे, छळाची शक्यता, कोणत्या प्रकारचा बॉम्ब होता हेदेखील सिद्ध नाही, अशी निरीक्षणे न्यायालयाने नोंदवली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असा आदेश तिथे झाला. सुटलेले मात्र परत तुरुंगात गेले नाहीत. जे एका शिक्षकाने आठ-दहा वर्षांपूर्वी लिहिले होते, त्यातला मोठा भाग आता न्यायालयाच्या कागदावर आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. बरोबर दहा दिवसांनी, ३१ जुलै २०२५ रोजी, २००८ च्या मालेगाव स्फोटातील सातही आरोपी विशेष न्यायालयाने निर्दोष सोडले. त्याच्या आधी, ८ सप्टेंबर २००६ च्या, शब-ए-बरातच्या दिवशी झालेल्या मालेगाव स्फोटांत पकडलेले आपले नऊ जण २०१६ साली आरोपमुक्त झाले होते. एका यंत्रणेने त्यांना आरोपी केले, दुसरीने तेच कायम ठेवले, तिसरीने त्यांच्याविरुद्ध पुरावा नाही म्हटले. आणि आमचे भुसावळ तर अर्ध्या तासाच्या वाटेवर. १९९४ साली तिथल्या एका कथित कटाच्या प्रकरणात टाडाखाली पकडलेले अकरा मुसलमान फेब्रुवारी २०१९ मध्ये नाशिकच्या विशेष न्यायालयाने सोडले. पंचवीस वर्षे! इतक्या वर्षांत एक पिढी शिकून, लग्न होऊन मुलाबाळांची होते.

२२ जुलैला नववीच्या एका मुलाने मला विचारले, "सर, फिर बम किसने रखा था?" मी त्याला अभ्यासाचे काहीतरी सांगून गप्प केले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यानेच परत विचारले, या वेळी मालेगावविषयी. तेव्हा मला माझ्या मनातली एक गोष्ट दिसली. पहिल्या निकालानंतर मी इन्साफ झाला असे म्हणालो होतो, दुसऱ्यानंतर इन्साफ मेला असे म्हणालो. मुलाचा प्रश्न मात्र दोन्ही वेळा एकच होता. त्याच्या प्रश्नात आरोपीचा मजहब नव्हता. लोकलमध्ये गेलेले १८० हून अधिक लोक आणि भिक्कू चौकात गेलेले सहा जण, या सर्वांच्या घरच्यांचाही तोच प्रश्न आहे.

इथे गुप्ततेचा खरा हिशेब मांडावा लागतो. गुन्हा घडण्यापूर्वी खबरी कोण, कुठे पाळत आहे, कोणता फोन ऐकला जातो, हे गुप्त राहिलेच पाहिजे. ते उघडे झाले तर उद्या माझाच विद्यार्थी लोकलमध्ये मरेल. जो या गुप्ततेलाच विरोध करतो, तो भोळा तरी आहे किंवा बेजबाबदार तरी. परंतु खटला उभा राहून, लढून, पडून गेल्यावर फाईल कोणाचे रक्षण करते? त्या वेळी ती देशाचे रक्षण करत नाही, चूक करणाऱ्याचे करते. या स्फोट खटल्यातील एका आरोपीने तुरुंगात बसून माहिती अधिकाराखाली सरकारचे कागद मागितले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि कारण मिळाले तेच, सुरक्षा. वर सांगितलेला मानवी हक्कांचा अपवाद अशाच माणसासाठी लिहिला गेला असेल, तर तो कागदावरच राहिला म्हणायचे.

आणि फाईल बंद राहिली की दोन प्रकारची पुस्तके निघतात. एक, अंदाजाची. दुसरी, गवाहीची. पहिल्या प्रकारात आपल्याला क्षणभर बरे वाटते, कारण त्यात सगळ्या प्रश्नांची उत्तरे असतात. दुसऱ्यात थोडीच उत्तरे असतात, पण ती टिकतात. सरकारकडून आपण प्रामाणिकपणा मागतो तेव्हा आपल्या लेखणीनेही तो पाळायला हवा. संशयावरून माणसाला आरोपी करू नये, हे आपण पोलिसांना सांगतो. मग संशयावरून निष्कर्ष काढणारे पुस्तक, ते आपल्या बाजूचे आहे म्हणून, डोक्यावर कसे घ्यायचे? कुरआनने तर गवाही स्वतःच्या आणि आप्तांच्या विरोधात जात असली तरी खरी द्या असा हुकूम दिला आहे. ऐकीव बातमीची खातरजमा करण्याचाही दिला आहे. समीक्षकाला याहून चांगली कसोटी कुठे मिळणार?

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण आपल्या जगण्याचे चित्र मराठीत यावे असे म्हणत आलो. टाडा, पोटा, मोक्का यांखाली गेलेली वर्षे, नाशिकच्या कोर्टात तारखेला जाणारे बाप, एसटीच्या खिडकीशी बसून डबा मांडीवर धरलेल्या बहिणी, हे सगळे आपल्या मराठीत अजून फार थोडे आले आहे. भुसावळच्या त्या पंचवीस वर्षांवर कोणी लिहिले पाहिजे, आणि ते तारखा, कागद व नावे यांच्या आधाराने लिहिले पाहिजे. ते लिहिणाऱ्याने वाहिद शेख यांच्या पुस्तकातली नोंदीची शिस्त घ्यावी आणि मुश्रीफ यांच्या पुस्तकातले प्रश्न विचारण्याचे धैर्य. त्यांचे निष्कर्ष तिथेच सोडून द्यावेत.

शेजाऱ्याचे पुस्तक मी नवा पुठ्ठा घालून परत केले. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने प्रधान समितीच्या अहवालाचे आणि कसाबच्या निकालाचे साल लिहून ठेवले, पुढच्या वाचणाऱ्याला उपयोगी पडावे म्हणून. नववीचा तो मुलगा आता दहावीत आहे. त्याच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे अजून नाही, आणि आता मी त्याला तसे सरळ सांगतो.