टपालपेटीचे नाव आणि कार्य : आरएफसी ६१५४ चे परीक्षण

वस्तूचे नाव व तिचे प्रयोजन ह्या दोन गोष्टी भिन्न होत, हे मान्य करावयास आयमॅप ह्या ई-टपालाच्या प्रोटोकॉलला बराच काळ लागला. १९८६ मध्ये मार्क क्रिस्पिन ह्यांनी स्टॅनफर्ड येथे त्याचा पाया घातला. पण २००३ च्या आरएफसी ३५०१ पर्यंत ‘इनबॉक्स’ ह्या एकाच नावाला निश्चित अर्थ होता. इतर पेट्यांविषयी ‘लिस्ट’ आज्ञेच्या उत्तरात सर्व्हर जे सांगे, ते मुख्यतः रचनेपुरतेच : पेटी निवडता येते की नाही, तिच्या पोटी दुसरी पेटी संभवते की नाही. पाठविलेली पत्रे कोठे ठेवावयाची, हे क्लायंटने नावावरून ताडावे! एक ‘सेंट’ धुंडाळी, दुसरा ‘सेंट आयटम्स’; आणि कोणी मराठी माणसाने ‘पाठविलेली पत्रे’ असे नाव योजिले, तर दोघेही आपापली नवी पेटी काढून मोकळे होत.

२०११ मध्ये बॅरी लीबा व जेमी निकलसन ह्यांनी ह्यावर जो उपाय सुचविला तो मूलतः योग्य आहे. मसुदे, पाठविलेली पत्रे, कचरा, नकोशी पत्रे, संग्रह इत्यादी सात कार्यांची चिन्हे त्यांनी ‘लिस्ट’च्या उत्तरातच जोडली. नाव वापरणाऱ्याचे, चिन्ह यंत्राचे, अशी ही वाटणी आहे.

मात्र चिन्ह लावावयाचे कसे, ह्या प्रश्नापाशी लेखकांचा निर्धार ढळलेला दिसतो. पेटी निर्माण करतानाच ते मागता येते. अस्तित्वात असलेल्या पेटीस लावावयाचे, तर ‘मेटाडेटा’ ह्या दुसऱ्याच विस्ताराच्या खासगी नोंदीत लिहावे लागते. दोन्ही सोयी ऐच्छिक. नोंद खासगी ठेवण्यामागील विचार पटण्याजोगा आहे; सामायिक पेटीचे कार्य प्रत्येकास वेगळे असू शकते. पण वाचावयाचे एका दारी आणि लिहावयाचे दुसऱ्या दारी, ही व्यवस्था क्लायंट रचणाऱ्यास जाचकच ठरते. शिवाय एकच चिन्ह दोन पेट्यांवर येण्याची शक्यता येथे खुली ठेवली आहे. जुना कचरा आपोआप नष्ट करणाऱ्या क्लायंटने अशा वेळी कोणती पेटी रिकामी करावी? चुकलेले पत्र परत मिळत नाही, म्हणून ही शंका क्षुल्लक नव्हे.

२०१९ च्या आरएफसी ८६२१ ने, म्हणजे जेमॅपने, येथे अधिक करारीपणा दाखविला. पेटीस फार तर एक भूमिका, आणि एका खात्यात ती भूमिका एकाच पेटीस. न वाचलेल्या पत्रांची संख्याही त्याने पेटीच्याच गुणांत घातली. आयमॅपने ती ‘स्टेटस’ आज्ञेत वेगळी ठेवली होती, कारण काही सर्व्हरांना ही मोजदाद जड जाते. सतत बदलणारी संख्या स्थिर गुणांशेजारी बसविली की पेटी क्षणोक्षणी ‘बदललेली’ दिसते. म्हणून, केवळ संख्याच बदलल्या असतील तर कोणते गुण बदलले ते सर्व्हरने कळवावे, अशी सोय जेमॅपला करावी लागली. माझ्या मते हा खर्च रास्त आहे.

२०२१ च्या आरएफसी ९०५१ ने आयमॅपच्या मूळ ग्रंथात कार्यचिन्हांची यादी घेतली. ती लावण्याचा मार्ग मात्र विस्तारांवरच सोडला.