'माझा' की 'आमच्या'?

मंडळी, ऐतिहासिक मालिकेत आपण चुका कशा शोधतो? खिडकीबाहेर विजेची तार दिसली, मागच्या शॉटमधलं लुगडं पुढच्या शॉटमध्ये बदललं, की झालं! अशा चुकांनी माझं काही बिघडत नाही. २०१२ साली झी मराठीवर 'उंच माझा झोका' आली. हुडकेश्वरच्या बऱ्याच घरांत पाहिली असेल. तेजश्री वालावलकरची छोटी रमा पुढे स्पृहा जोशी झाली, महादेवराव मात्र विक्रम गायकवाडच राहिले. आपण ते चालवून घेतलंच ना?

मी अडतो तो नावापाशी. रमाबाई रानडे यांच्या १९१० च्या पुस्तकाचं नाव 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. आमच्या! मालिकेनं त्याचं 'माझा' केलं. नवऱ्याचं नाव न घेता बाई त्यांना 'स्वतः' म्हणतात. १९३८ च्या इंग्रजी भाषांतराचं नावच 'हिमसेल्फ' आहे. म्हणजे आठवणी हिच्या, पण 'स्वतः' म्हणजे तो. आपल्या आजच्या 'मी'त हे बसत नाही, बरं का.

१८७३ मध्ये लग्न झालं तेव्हा रमा ११ वर्षांची, रानडे ३१ चे. विधुर, आणि विधवाविवाहाचे पुरस्कर्ते! वडिलांपुढे चाललं नाही. अशा लग्नाला हळुवार प्रेमकथेचा रंग देणं, हा कालविपर्यास त्या तारेपेक्षा मोठा. प्रेम नव्हतं असं नाही, पुस्तकात पानोपानी आहे. पण ते आपल्या ओळखीचं नाही. आणि पुस्तक निघालं तेव्हा पुण्यात सेवासदन उभं राहिलं होतं, रानडे जाऊन नऊ वर्षं झाली होती. तरी बाई 'आमच्या'च लिहितात.