एका मंचावरचे शेजारी

‘विविधतेतून एकता’ या विषयावरचे निबंध तपासण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, पण त्या नावाच्या कार्यक्रमाला जाताना माझे पाऊल जरा जडच पडते. गेल्या हिवाळ्यात आमच्या सीमाभागातील एका गावी संमिश्र नृत्यसंध्या झाली, तिला मी गेलो तो निमंत्रण मोडवेना म्हणून. भरतनाट्यम्, डोळ्ळू कुणिता, गोव्याची देखणी, यक्षगान, धनगरी गजा आणि शेवटी लावणी, असे सहा प्रकार दोन तासांत बसवले होते. सभागृह भरले होते. टाळ्याही भरपूर पडल्या. तरी घरी परतताना मनात काहीतरी सलत राहिले. ते काय, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी आनंदाचे सांगतो. डोळ्ळूवाल्यांनी सभागृह अक्षरशः हलवले. गळ्यात एवढा अवजड ढोल अडकवून ही माणसे उड्या घेतात, गिरक्या मारतात, आणि ठेका मात्र केसभरही ढळत नाही. पुढे तासाभराने गजा आला. पायघोळ अंगरखे, हातांतले रंगीत रुमाल आणि त्यांना खेळवणारा ढोलांचा संथ, घुमारदार ठेका. डोळ्ळूत पुरुषार्थाचा जोश आहे, तर गजात रानात मेंढरांमागे चालणाऱ्या माणसाची सबुरी आहे. माझ्या शेजारी खांद्यावर घोंगडे टाकलेले एक म्हातारबाबा बसले होते. दोन्ही वेळा ढोल सुरू होताच त्यांनी हात जोडले. मी विचारले, तेव्हा म्हणाले, “देव एकच की ओ. आमचा बिरोबा, त्यांचा बीरप्पा.”

आणि निवेदकाने काय सांगितले? पहिले ‘कर्नाटकाचे लोकनृत्य’, दुसरे ‘महाराष्ट्राचे लोकनृत्य’. एवढेच. दोहोंच्या मध्ये दोन वेगळेच प्रकार. कुरुबांचा बीरेश्वर आणि धनगरांचा बिरोबा हे एकाच दैवताचे दोन भाषांतले उच्चार आहेत. सोन्थायमर यांनी धनगरांबरोबर रानोमाळ हिंडून या दैवतांचा अभ्यास केला. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात पंढरीच्या विठ्ठलाचे मूळही याच गवळी-धनगरांच्या जगात शोधले. पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडारा उधळला जातो, तेव्हा अंगावर पडणारी हळद मराठी की कानडी हे कोणी विचारत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची सीमा आखली गेली, पण मेंढरे तिच्या आधीपासून या वाटांनी चरत आली आहेत. हे दोन ढोल पाठोपाठ वाजवले असते आणि दोन वाक्ये सांगितली असती, तर म्हातारबाबांना जे उमगले ते सर्वांना उमगले असते.

यक्षगानाची तर मला दयाच आली. रात्र रात्र चालणारा हा खेळ बारा मिनिटांत उरकला. वेष भव्य होता, चंडेचा कडकडाट होता, पदन्यास चोख होता. पण यक्षगानातले पात्र नुसते नाचत नाही, ते बोलते. भागवताने पद गायले की त्याचा अर्थ पात्र उत्स्फूर्त संवादांतून उलगडते. वेळेअभावी हे बोलणेच छाटले होते. म्हणजे कीर्तनातून निरूपण काढून केवळ चिपळ्या ठेवाव्यात, त्यातला प्रकार. आणि हा खेळ मराठी माणसाला परका तरी कोठे आहे? कर्नाटकातून सांगलीला आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहूनच चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसे मराठीत करण्यास सांगितले आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आले. ज्या रंगभूमीचा आपण एवढा अभिमान बाळगतो, तिचे आजोळ त्या दिवशी बारा मिनिटे आपल्यासमोर उभे होते, आणि आपण त्याला ओळखले नाही.

भरतनाट्यमच्या मुली तयारीच्या होत्या, हे मनापासून नमूद करतो. त्याची ओळख ‘तामिळनाडूची देणगी’ अशी करून दिली. ते खरेच आहे, पण अपुरे आहे. आज या नृत्याचा जो क्रम आपण पाहतो, तो बसवणारे तंजावरचे चार बंधू मराठी राजा दुसऱ्या सरफोजीच्या (१७९८–१८३२) दरबारी होते. सरफोजीच्या नावावरील मराठी नृत्यरचना तेथील सरस्वती महालात जपल्या आहेत. अशी एखादी रचना या मुलींकडून बसवून घेणे फार कठीण नव्हते.

लावणीविषयी थोडे कटू लिहावे लागते. ध्वनिमुद्रित गाण्यावर आठ मुली एकसारख्या वेगाने नाचल्या. ढोलकी होती, ती यंत्रातली. बैठकीच्या लावणीत यमुनाबाई वाईकरांसारखी कलावंतीण बसल्या जागी एकच ओळ पुनःपुन्हा घेई, आणि दर वेळी तिचा नवा अर्थ चेहऱ्यावर उमटे. आठ जणींनी एकसारखे करायची ती गोष्टच नव्हे. कवायतीला मी विरोध करणार नाही, शाळेत रोज घेतो. पण तिला लावणी म्हणवत नाही.

मग थोडक्यात काहीच साधत नाही काय? तसे नाही. देखणी अवघी सात-आठ मिनिटे चालली आणि पुरेपूर रंगली. कारण ती मुळातच आटोपशीर गीतनृत्य आहे. कोंकणी शब्द, पाश्चात्त्य वळणाची चाल, घुमटाचा ठेका आणि कलावंतिणीच्या नाचाची आठवण, हे सारे गोव्याच्या ख्रिस्ती समाजाने तिच्यात एकजीव केले. दामूच्या लग्नाला जायचे म्हणून नावाड्याची मनधरणी करणारी ती नाचणारीण हिंदू आणि तिला गाण्यात आणणारा ख्रिस्ती. संमिश्र संध्येचा खरा धडा त्या एका नृत्यात होता.

संयोजकांच्या अडचणी मी जाणतो. स्नेहसंमेलनाच्या वेळी त्याच माझ्याही असतात. पाहुण्यांची भाषणे, पथकांचा प्रवास आणि प्रत्येकाला संधी देण्याचा आग्रह. तरीही सुचवावेसे वाटते की पुढील वर्षी सहाऐवजी तीनच प्रकार ठेवावेत. डोळ्ळू आणि गजा एकापाठोपाठ यावेत, यक्षगानाला तासभर द्यावा, भागवतांनी दोन शब्द कानडीत बोलावेत आणि कोणीतरी ते मराठीत सांगावेत. आमच्या गावात मराठी शाळेची आणि कानडी शाळेची मुले एकाच बसने येतात आणि वेगवेगळ्या फाटकांतून आत जातात. निदान एका संध्याकाळी तरी त्यांना कळावे की फाटके दोन असली तरी ढोल एकाच देवाच्या नावाने वाजतो. म्हातारबाबांना ते शिकवावे लागले नव्हते. शिकलेल्यांना मात्र शिकवावे लागेल, असे दिसते.