नायिकेचे हसू : मीनाक्षी शिरोडकर यांच्या विनोदी भूमिकांविषयी

एखाद्या कलावतीची सबंध कारकीर्द एका वस्त्रावरून ओळखली जावी, यासारखा अन्याय नाही. मीनाक्षी शिरोडकर यांच्या वाट्यास तो पुरेपूर आला. १९३८ सालच्या 'ब्रह्मचारी' या चित्रपटात त्या पोहण्याच्या पोशाखात दिसल्या, एवढेच बहुतेकांच्या स्मरणात उरले. त्या चित्रात त्यांनी अभिनय कोणता केला, याची चौकशी फारशी कोणी करीत नाही. ती करावी, असा आमचा येथे हेतू आहे.

मीनाक्षीबाईंचा जन्म १९१६ चा. माहेरचे नाव रतन पेडणेकर. पेडणेकर काय आणि शिरोडकर काय, दोन्ही आडनावे आमच्या कोंकणी वाचकांस गावाकडची वाटतील. शास्त्रीय संगीताचे शिक्षण लहानपणीच झाले होते. हंस पिक्चर्सच्या 'ब्रह्मचारी'तून त्या पडद्यावर आल्या, तेव्हा त्यांचे लग्न झालेले होते. विवाहित स्त्रीने चित्रपटात जावे, तेही विनोदी चित्रपटात, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

चित्राची कथा आचार्य अत्रे यांची, दिग्दर्शन मास्टर विनायकांचे. औदुंबर नावाचा एक साधा तरुण ब्रह्मचर्यावरील व्याख्यान ऐकतो, भारावून जातो, जपून ठेवलेली नटींची चित्रे फेकून देतो आणि आश्रमाची वाट धरतो. पुढे किशोरी भेटते आणि निश्चयाची भिंत खचू लागते. ही किशोरी म्हणजे मीनाक्षीबाई.

आमच्या वाचकांपैकी काहींस येथे शंका येईल. सौंसरजवळ जामसावळीस पहुडलेल्या मारुतीच्या दर्शनास जाणारे आपण भाविक. ब्रह्मचर्याची थट्टा आपणांस कशी रुचावी? आमचे उत्तर असे, की या चित्रात थट्टा व्रताची नाही. थट्टा आहे ती एका व्याख्यानात उचललेल्या आणि दुसऱ्या दिवशी मिरविलेल्या व्रताची. मारुतीरायाचे ब्रह्मचर्य लंकेतील अंतःपुरातूनही अभंग बाहेर आले. औदुंबराचे तळ्याच्या काठीच डळमळते. या दोहोंतील अंतर ज्यास कळते, त्या भाविकानेच या चित्रास सर्वांत मोकळेपणी हसावे.

आता त्या जलक्रीडेच्या प्रसंगाकडे वळू. गीत अत्र्यांचे, चाल दादा चांदेकरांची, गळा मीनाक्षीबाईंचा स्वतःचा. किशोरी पाण्यात आहे व औदुंबरास खेळावयास बोलावीत आहे. तिच्या डोळ्यांत मिस्कीलपणा आहे. ती मोहिनी घालणारी अप्सरा नव्हे. समोरच्या माणसाचे सोंग आधीच ओळखून बसलेली हुशार मुलगी आहे. प्रेक्षक तिला हसत नाही, तिच्या बाजूने औदुंबराला हसतो. पोशाखाने त्या काळी खळबळ माजविली हे खरे. पण त्या खळबळीत हा अभिनय वाहून गेला.

याचे मोल जाणण्यास थोडे मागे पाहावे लागेल. संस्कृत नाटकातला विदूषक पुरुष. तमाशातली मावशी, तीही पुरुषच. देवलांच्या 'संशयकल्लोळा'त रेवती फाल्गुनरावाच्या संशयाच्या गोंधळात सापडते. पण १९१६ साली ते संगीत नाटक रंगभूमीवर आले तेव्हा स्त्रीभूमिका पुरुषच करीत. स्त्रीने स्वतः, सभ्य नायिकेच्या वेषात, प्रेक्षकांस हसवावे याला जागाच नव्हती. ती जागा करून देणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत मीनाक्षीबाईंची गणना झाली पाहिजे.

दूरदेशीचे एक उदाहरण येथे बोलके आहे. अमेरिकेतील मेबल नॉर्मंड ही मूकपटांच्या काळातील मोठी विनोदी नटी. तीही आरंभी पोहण्याच्या पोशाखातच गाजली. १९१२ साली कीस्टोन कंपनीने काढलेल्या पहिल्याच चित्रांत ती जलपरी झाली होती. पण १९१४ पर्यंत ती स्वतः चित्रे दिग्दर्शित करू लागली. नवख्या चार्ली चॅप्लिनने तिच्या हाताखाली काम केले. पुढे १९२२ साली दिग्दर्शक टेलर यांचा खून झाला. त्यांना अखेरचे भेटणाऱ्यांत ती होती, एवढ्यावरून लोकापवाद उठला. १९३० साली क्षयाने ती गेली. मागे खुनाची कुजबुज अधिक राहिली, विनोद कमी. तिकडे कुजबुज, इकडे पोशाख. नटीच्या बाबतीत लोकस्मृती सगळीकडे सारखीच कोती.

तथापि दोघींत भेद आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. मेबलच्या हाती कॅमेऱ्यामागची सूत्रे आली. मीनाक्षीबाईंसाठी लिहिणारे अत्रे वा खांडेकर, दिग्दर्शन करणारे विनायक. 'ब्रह्मचारी' हे नावही औदुंबराचेच. किशोरी कथा फिरविते, पण कथा तिची होत नाही. १९३९ च्या 'ब्रँडीची बाटली'त तर हास्याचा मोठा वाटा दामुअण्णा मालवणकरांकडे गेला. त्याच वर्षीच्या खांडेकरलिखित 'देवता'त त्या गंभीर भूमिकेकडे वळल्या, १९४० च्या 'अर्धांगी'त पुन्हा हसऱ्या चित्रात आल्या. १९४७ साली विनायक निवर्तले. त्यानंतरही मीनाक्षीबाई पडद्यावर व रंगभूमीवर दीर्घकाळ राहिल्या. परंतु किशोरीच्या तोडीची विनोदी नायिका त्यांना पुन्हा लाभली नाही, असे आमचे मत आहे. उणीव नटीची नव्हती. तिच्यासाठी लिहिणाऱ्या लेखणीची होती.

१९९७ साली त्या निवर्तल्या. आज त्यांचा उल्लेख होतो तो बहुधा दोन चित्रपटनट्यांची आजी म्हणून, किंवा त्या पोशाखासाठी. पांढुर्ण्या-सौंसरचा मुलूख १९५६ च्या राज्यरचनेत मध्यप्रदेशात राहिला, तरी मराठी चित्र व मराठी नाटक आम्ही परके मानले नाही. म्हणूनच वाचकांस आमची विनंती आहे, की 'ब्रह्मचारी' पाहण्याचा योग आला तर पाण्याकडे व वस्त्राकडे पाहणे झाल्यावर त्या चेहऱ्याकडेही पाहावे. मराठी पडद्यावरची नायिका तेथे स्वतःच्या बुद्धीने हसते आहे.