पारलिंगी स्त्रियांचे स्मरण आणि वऱ्हाडातील स्मृतिलेखन

मृताचे चरित्र लिहू लागताच मराठी चरित्रकार प्रथम घराण्याकडे वळतो. कुळ, जन्मगाव, शिक्षण, विवाह, संतती हा चरित्रलेखनाचा रुळलेला क्रम होय. ज्यांच्या आयुष्याला हा क्रम लागूच पडत नाही त्यांचे स्मरण कोणत्या रूपाने करावयाचे, हा प्रश्न पारलिंगी स्त्रियांच्या बाबतीत टाळता येण्यासारखा नाही. जन्मतः पुरुष म्हणून नोंदली गेलेली व्यक्ती स्त्री म्हणून जगू लागते तेव्हा पुष्कळदा घर सुटते आणि नाव बदलते. सर्वच पारलिंगी स्त्रिया हिजडा परंपरेत जात नाहीत. पण जी जाते तिला गुरू, गुरुबहिणी आणि चेले ह्यांचे दुसरे कुटुंब लाभते. मृत्यूनंतरच्या कागदांवर मात्र अनेकदा टाकलेलेच नाव परत येते. ज्या नावाने तिला हाक मारली जात होती ते नाव, हाक मारणारी माणसे असेतोवर टिकते आणि त्यांच्याबरोबर नाहीसे होते.

वऱ्हाडच्या अभ्यासकाला ह्या विषयावर प्रथम जे साधन आढळते ते शासकीय आहे. रायबहादूर हिरालाल ह्यांच्या साहाय्याने रसेल ह्यांनी १९१६ मध्ये मध्यप्रांतातील जाति-जमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. वऱ्हाडचा कारभार त्या वेळी मध्यप्रांताशी जोडलेला होता. ह्या ग्रंथात हिजडा व खसुआ ह्यांवर एक टिपण आहे. स्त्रीवेश, लग्नात व मुलाच्या जन्मप्रसंगी होणारे नाचगाणे, सुगीत मिळणारे धान्य, भिक्षेसाठी वाटून दिलेला इलाखा, दंड करणारी पंचायत, हे सर्व त्यात येते. ह्या माहितीचे मोल निर्विवाद आहे. तथापि स्त्रीनामे धारण केली जातात असे सांगणे वेगळे, आणि त्यांतील एक नाव घेऊन ती बाई कशी होती हे सांगणे वेगळे. हे दुसरे काम त्या ग्रंथाच्या कक्षेत येतच नाही. पुढे २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ ह्या रकान्याखाली महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची गणना झाली. रकाना वाढला, संख्या मिळाली. व्यक्ती मात्र अद्याप दूरच राहिली.

ह्याच्या उलट टोकाला मृतांची यादी आहे. १९९८ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन शहरात रीटा हेस्टर ह्या पारलिंगी स्त्रीचा खून झाला. त्यानंतर १९९९ पासून पारलिंगी मृतांच्या स्मरणाचा उपक्रम सुरू झाला आणि २० नोव्हेंबर हा त्याचा दिवस ठरला. मृतांची नावे वाचून दाखविण्याची प्रथा त्यातून रूढ झाली. समाज ज्या खुनांकडे डोळेझाक करीत होता त्यांना ह्या याद्यांनी खून म्हणावयास लावले, हे त्यांचे ऐतिहासिक कार्य होय. परंतु यादीत आयुष्य शेवटाकडून वाचले जाते. नाव, वय, गाव आणि मारले जाण्याचा प्रकार एवढ्यावर ओळ संपते. जी आजाराने गेली, अथवा म्हातारी होऊन आपल्या चेल्यांच्या हातचे पाणी पिऊन गेली, तिला ह्या रचनेत जागाच नाही. रसेल-हिरालालांच्या टिपणात रीत आहे, माणूस नाही. यादीत माणूस आहे, पण त्याचा केवळ अंत आहे.

ह्या दोहोंहून वेगळ्या अशा स्मृतिलेखनाची परंपरा अमरावती जिल्ह्यातच निर्माण झाली, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावयास हवी. तेराव्या शतकाच्या अखेरीस रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा एकत्र केल्या. ज्यांनी पाहिले, ज्यांनी ऐकले, त्यांच्याकडून प्रसंग मिळवावयाचा, ही त्यांची पद्धती होती. लीळा लहान असते. कोण, कोठे, काय बोलले, एवढाच तिचा विस्तार. मूळ पोथी धाडीत गेल्यावर लीळा पुन्हा आठवणीतून सिद्ध करण्यात आल्या, असे परंपरा सांगते. त्यांतून निर्माण झालेल्या पाठभेदांना सांगणाऱ्यांची नावे आहेत, आणि त्यांत हिराइसा ह्या स्त्रीचेही नाव आहे. स्थानपोथीने तर चक्रधरांच्या वास्तव्याची ठिकाणे नोंदवून ठेवली. अकोला जिल्ह्यातील आलेगावासारखी गावे महानुभावांच्या स्मरणात राहिली ती अशा स्थाननिष्ठेमुळे.

लीळा ईश्वरावताराच्या आहेत, सामान्य मृतांच्या नाहीत, असा आक्षेप येथे संभवतो. तो खरा आहे. आणि पारलिंगी स्त्रियांच्या बाबतीत तो अधिकच महत्त्वाचा ठरतो. कारण त्यांना आशीर्वाद देणारी शुभदेवता ठरविणे ही त्यांचे माणूसपण नाकारण्याचीच एक सभ्य रीत आहे. म्हणून घ्यावयाची ती पद्धती, भक्तिभाव नव्हे. शिवाय भक्तांनी लिहिलेले असूनही गोविंदप्रभूंचे चरित्र गुळगुळीत झालेले नाही. प्रभूंचा राग, हट्ट, खाण्याची हौस, मुलांबरोबरचे खेळ, लोकांना वेडसर वाटावे असे वर्तन, सारे त्यात आहे. रिद्धपूरचे लोक त्यांना आई आणि बाप ह्या दोन्ही नात्यांनी संबोधीत, हेही तेथेच कळते. मृताला थोर ठरविण्यासाठी त्याचा तऱ्हेवाईकपणा पुसून टाकण्याची गरज म्हाइंभटांना वाटली नाही. ह्या अर्थाने लीळा आजच्या अनेक मृत्युलेखांहून अधिक प्रामाणिक आहे.

आधुनिक काळात ह्या पद्धतीशी जुळणारे उदाहरण तमिळमध्ये मिळते. ए. रेवती ह्यांनी आत्मचरित्राच्या आधी, २००४ मध्ये, आपल्या समाजातील इतरांची कथने गोळा करून प्रसिद्ध केली. प्रथम संग्राहक, मग आत्मचरित्रकार, हा क्रम अर्थपूर्ण आहे. मराठीत लक्ष्मीनारायण त्रिपाठी ह्यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ (२०१२) हे वैशाली रोडे ह्यांनी शब्दांकित केलेले आत्मकथन महत्त्वाचे आहे. पण आत्मकथनाचा आधार बोलणारी जिवंत व्यक्ती हा असतो. जी बोलून गेली नाही तिच्यासाठी साक्षीदारच हवेत.

साक्षीदाराचे नाव घ्यावे की झाकावे, हा शेवटचा आणि कठीण प्रश्न होय. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत सुरक्षित ठेवले. त्यामुळे ग्रंथ वाचले. पण विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मराठी वाचक त्यांना पारखा राहिला, आणि पुढे वि. भि. कोलते ह्यांच्यासारख्या वऱ्हाडातील संशोधकांना आयुष्य वेचावे लागले. ज्या स्त्रीच्या जन्मघरी तिचे दुसरे आयुष्य ठाऊक नाही, अथवा जिच्या चेल्यांना पोलिसांचे आणि शेजाऱ्यांचे भय आहे, तिच्याविषयीची नोंद आज उघड करणे अन्यायाचे होईल. पण ती न करणे हा त्याहून मोठा अन्याय ठरेल. नोंद घ्यावी, सांगणारीच्या संमतीने ती राखून ठेवावी, आणि केव्हा उघडावी हे ठरविण्याचा अधिकार तिच्या गुरुघराकडे असावा, हा मार्ग त्यातून निघतो.

ह्यावरून अशा लेखनाच्या परीक्षणाची कसोटी ठरविता येते. त्यात मृत स्त्री स्वतः घेतलेल्या नावाने येते काय? तिचा गुरू, तिचे चेले, तिची गल्ली, तिचे काम आणि तिचे बोलणे त्यात आहे काय? दोन साक्षींत भेद असल्यास तो तसाच राहू दिला आहे काय? करुणा आणि निषेध ह्यांनी भरलेला मजकूर ह्या प्रश्नांना उत्तर देऊ शकला नाही, तर तो तिच्याविषयीचा नसून लिहिणाऱ्याविषयीचा आहे असे समजावे. अमरावती-अकोल्यातील ज्या वृद्ध गुरूंना आपल्या आधीच्या गुरूंची नावे, त्यांचे स्वभाव आणि त्यांच्या मृत्यूचे दिवस आठवतात, त्या स्वतःही थकत चालल्या आहेत. त्यांच्याकडून ऐकून लिहून घेण्याचे काम मराठी विभागांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आज करता येईल. आणखी वीस वर्षांनी ते कोणालाच करता येणार नाही.